गिरणीस गेलेल्या पूर्वजांचा शोध

आपल्या संघाच्या कोणत्याही सभासदास विचारावे की, "आपली पेढी किती पिढ्यांची?" तर उत्तर बहुधा एकच मिळते : "पिढीजात." आम्हीही चाळीस वर्षे हेच उत्तर देत आलो. निपाणीच्या बाजारपेठेत आमचे धान्याचे ठोक दुकान आहे, आजोबांनी ते काढले, वडिलांनी वाढविले, आणि त्यापूर्वीही आपण व्यापारीच असलो पाहिजे, अशी आमची सोयीस्कर समजूत होती. तीन वर्षांपूर्वी घराण्याची वंशावळ छापावी असे मनात आले. त्या निमित्ताने माळ्यावरील लाल खारव्याच्या वह्या खाली काढल्या, आणि ती समजूत टिकली नाही. आमचे आजोबा वेदगंगेकाठच्या एका खेड्यातील अल्पभूधारक शेतकऱ्याचे धाकटे पुत्र होते, आणि ज्या भांडवलावर हे दुकान उभे राहिले त्यातील मोठा वाटा मुंबईच्या कापडगिरणीत मिळविलेल्या मजुरीचा होता. मजुरी करणारे आजोबा नव्हते, त्यांचे थोरले बंधू होते. वंशावळीच्या कच्च्या मसुद्यात त्यांच्या नावापुढे आम्हीच "परागंदा, निपुत्रिक" असे दोन शब्द लिहून ठेवले होते.

आमच्यासारखी स्थिती आपल्यातील अनेक घरांची असणार, या समजुतीने या शोधाची हकिकत व त्यात उपयोगी पडलेली साधने येथे मांडीत आहो.

प्रथम कोण कोठे गेले ते पाहू. मुंबईतील पहिली कापडगिरणी ताडदेव येथे १८५६ साली सुरू झाली. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, वरळी हा सारा भाग गिरण्यांनी भरला. तेथील कामगारांत रत्नागिरीकडील लोकांचा भरणा सर्वांत मोठा, आणि त्याखालोखाल घाटावरचे लोक. सातारा, कोल्हापूर व आपल्या बाजूचे. परंतु आपल्या भागातून मुंबई ही एकच वाट नव्हती. सोलापूरची पहिली गिरणी १८७७ ची. गोकाकच्या धबधब्यावर पाण्याच्या बळाने चालणारी सूतगिरणी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात उभी राहिली. इचलकरंजीस पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली गिरणी स्थापिली. तेव्हा "आजोबा गिरणीत होते" एवढेच घरात सांगितले जात असेल, तर ती मुंबईचीच असे धरून चालू नये. आम्ही धरले, आणि त्यापायी दीड वर्ष वाया घालविले.

माणसे घर सोडून का गेली हे सांगावयास फार शब्द नकोत. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, मधल्या काळात प्लेग, आणि १९१८ साली पावसाची ओढ व इन्फ्ल्युएंझाची साथ एकदमच. आमच्या घरी त्या साथीत एका महिन्यात तीन माणसे गेली, असे आजी सांगत असे. राहिले दोघे भाऊ आणि गहाण पडलेली जमीन. थोरल्याने मुंबईस जावे व धाकट्याने निपाणीस दुकानी नोकरी धरावी, असे ठरले. त्या काळी आमच्याकडून निघणारा माणूस बैलगाडीने कोल्हापूर गाठी. तेथे आगगाडी १८९१ साली आली होती. मिरजेवरून पुण्यास जावे, पुण्यास लहान रुळांची गाडी सोडून मोठ्या रुळांच्या गाडीत बसावे, आणि मुंबईस उतरल्यावर गावच्या कोणाची खोली शोधावी, असा तो प्रवास होता. भोजन सूर्यास्तापूर्वी करण्याचा ज्यांचा नेम, त्यांनी गिरणीच्या वेळापत्रकाशी तो कसा जुळविला असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही. १९२२ च्या कायद्याने दिवसाच्या कामाची मर्यादा ठरविली तीही अकरा तासांची होती.

आता साधनांविषयी. सर्वांत जवळचे साधन म्हणजे आपल्याच घरची वही. जुन्या वह्या मोडीत आहेत म्हणून आपण त्या पाडव्यास पूजेपुरत्या काढतो, अथवा रद्दीत घालतो. आमच्या वह्या निपाणीतील एका वृद्ध शिक्षकांनी वाचून दिल्या. महिन्याभरात आम्हांसही जमा, नावे, हस्ते, बाकी एवढे शब्द ओळखता येऊ लागले. हिशेबाच्या मोडीत तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ती पत्रांच्या मोडीहून सोपी आहे. वर्ष शकाचे असेल तर त्यात ७८ मिळवावे; जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीस ७९. गुजराती पेढ्यांच्या वह्या विक्रम संवताच्या असतात. तेथे कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करावे व त्यापुढे ५६. ही एक वर्षाची चूक क्षुल्लक वाटते, पण तीमुळे माणूस संपाच्या आधी आला की नंतर, हे उलटे ठरते.

आजोबांनी शके १८४२ च्या पाडव्यास, म्हणजे १९२० साली, स्वतःचे लहानसे दुकान मांडले. पुढील वर्षापासून खतावणीत थोरल्या बंधूंच्या नावाचे खाते दिसते. दरमहा पाच, सात, क्वचित दहा रुपये जमा. शिरोभागी "ठेव, व्याज दरमहा दर शेकडा आठ आणे" असे स्पष्ट लिहिले आहे. गिरणीतल्या पुरुष कामगारास त्या दशकात महिना तीस-पस्तीस रुपयांच्या आसपास मिळत. त्यातून खोलीचे भाडे, खाणावळ व वाण्याची उधारी भागवून सात रुपये गावी पाठविणे म्हणजे काय, हे धान्याचा व्यापार करणाऱ्यास समजावून सांगावयास नको. शके १८४७ च्या पाडव्यास, म्हणजे १९२५ च्या दिवाळीत, या खात्याची बाकी ४१२ रुपये ८ आणे काढलेली आहे. नावे बाजूस एकही रक्कम नाही. पुढील वर्षीच्या वहीत हे खाते ओढलेलेच नाही.

व्यापाऱ्याच्या वहीत ठेव बुडत नाही, ती परत जाते किंवा पुढे ओढली जाते. येथे ती दोन्ही न होता नाहीशी झाली होती. वंशावळीचे काम आम्ही बाजूस ठेवले, आणि मग जो शोध सुरू झाला तो पूर्वजाचा कमी व धनकोचा अधिक होता.

दुसरे साधन मनिऑर्डरची कुपने. टपालखात्याने मनिऑर्डर १८८० साली सुरू केली. रकमेबरोबर खालचा लहान तुकडा घेणाऱ्यास मिळे, त्यावर पाठविणाऱ्याचे नाव, दोन ओळींचा मजकूर आणि टपालकचेरीचा शिक्का असे. पुष्कळ घरांत ती तारेत ओवून ठेवलेली असतात. मजकुरापेक्षा शिक्का महत्त्वाचा, कारण त्यावरून माणूस मुंबईच्या कोणत्या भागात राहत होता ते कळते. आमच्या तारेवर अकरा कुपने निघाली, सारी परळची. मात्र पाठविणाऱ्याचे नाव आमच्या आजोबांचे नव्हते. चंदगड बाजूच्या एका भलत्याच गृहस्थाचे होते.

हा घोळ उलगडण्यास गिरणीची रीत ठाऊक हवी. कामगार भरतीचा सारा अधिकार जॉबरच्या हाती असे, आणि तो बहुधा आपल्या गावाकडची माणसे आणी. कायम कामगारास तिकीट असे. तो आजारी पडला किंवा सुगीस गावी गेला की, त्याच्या जागी बदली कामगार उभा राही, आणि तो पुष्कळदा त्याच तिकिटावर, त्याच नावाने काम करी. मूळ माणूस परतला नाही तर बदली वर्षानुवर्षे परक्या नावाने राबे. आमचे थोरले आजोबा साचेखात्यात असेच दुसऱ्याच्या तिकिटावर होते, व चाळीतही त्याच नावाने ओळखले जात, असा निष्कर्ष आम्ही काढला. म्हणून ज्यांस गिरणीच्या कागदांत आपल्या पूर्वजाचे नाव सापडत नाही, त्यांनी लगेच निराश होऊ नये. नाव नसणे म्हणजे माणूस नसणे नव्हे.

गिरणीचे कागदही काळानुसार वेगळे आहेत. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, व मुंबईत कामगार विमा योजना १९५४ साली सुरू झाली. त्यापूर्वीच्या कामगाराचा फंड क्रमांक किंवा विमापत्र शोधणे व्यर्थ होय. त्यानंतरच्या कामगाराचे हे कागद मात्र जिवापाड जपावेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. कित्येक गिरण्या पुन्हा चालल्याच नाहीत. १ जानेवारी १९८२ या दिवशी अथवा त्यानंतर पटावर असलेल्या कामगारांस किंवा त्यांच्या वारसांस गिरण्यांच्या जमिनीवर घरे देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने पुढे काढली. तेथे तिकीट क्रमांक, ओळखपत्र, सेवेचा दाखला, फंडाची पावती हेच पुरावे विचारले जातात. आमच्या दुकानी हमाली करणाऱ्या एका वृद्धाने वडिलांचे गिरणीचे ओळखपत्र "माणूसच गेला, मग कागद कशाला" म्हणून चुलीत घातले होते. त्यास काय उत्तर द्यावे, हे आम्हांस सुचले नाही.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. माणूस एकाच गावी जन्मला व तेथेच मेला तरी त्याचे कागद तीन सरकारांच्या दप्तरांत विखुरलेले असतात. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला, त्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. त्याच १९५६ साली बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच राहून कोल्हापुरास जोडला गेला. म्हणून चंदगडकरांचे जुने कागद बेळगावास शोधावे लागतात. उलट रायबाग १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थानात असल्यामुळे तेथील माणसाने कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराची पायरी चढावी. बेळगावास लागून असलेले शहापूर सांगली संस्थानचे होते. आमचे गाव खालसा मुलखातील, चिकोडी तालुक्यातले, म्हणून काम सोपे गेले. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्यानंतरच्या फेरफारांत कोण मयत, कोण वारस, कोण परगावी, हे लिहिलेले सापडते. आमच्या जमिनीच्या एका फेरफारात थोरल्या आजोबांविषयी "ठावठिकाणा नाही" अशी नोंद मिळाली. ती माहिती सांगणार म्हणून खाली सही आजोबांची होती.

येथवर आम्ही मुंबईतच घुटमळत होतो. वाट दाखविली ती हेळव्याने. सुगीनंतर बैल घेऊन दारी येणारा, कुळाची वंशावळ म्हणून दाखविणारा आणि पायलीभर जोंधळा घेऊन जाणारा हेळवी आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिला आहे. आता तो क्वचित येतो, आणि आला तर आपली मुले त्यास भिकारी समजून सुटे पैसे देतात. वस्तुतः तो आपल्या खेड्यापाड्यांचा चालता दप्तरखाना आहे. मूळ गावी चुलत घराण्याकडे येणाऱ्या हेळव्यास आम्ही मुद्दाम बोलावून घेतले. मुलींची नावे हेळवी फारशी लिहीत नाही, पण कुळातला पुरुष जेथे जाऊन राहिला ते गाव तो लिहितो, कारण तेथेही त्याचा हक्क असतो. थोरल्या आजोबांच्या नावापुढे त्याच्या पोथीत "गोकाक धबधबा" असे लिहिले होते.

म्हणजे मुंबई सोडून ते पुन्हा आपल्याच मुलखात आले होते, व घरापासून अवघ्या दोन मुक्कामांवर दुसऱ्या गिरणीत काम करीत होते. आणि घरी कळविले नव्हते.

का कळविले नव्हते, ते पुढे शके १८४७ च्या रोजकीर्दीच्या पुठ्ठ्यात सापडले. पुठ्ठा उसवला होता, आत एक पोस्टकार्ड होते. परळचा शिक्का, आश्विन वद्यातील तिथी. १९२५ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत शेकडा साडेअकरा टक्के कपात केली, आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. कापसाच्या मालावरील अबकारी कर डिसेंबरात तहकूब झाल्यावर मालकांनी कपात मागे घेतली, व मगच काम सुरू झाले. हे कार्ड त्या संपाच्या मध्यावरचे. त्यात लिहिले होते की गिरणी बंद आहे, वाण्याने उधार बंद केले आहे, ठेवीतून पंचवीस रुपये पाठवावेत. एवढेच, तक्रार नाही, आग्रहही नाही.

कार्ड पोहोचले त्या आठवड्याची रोजकीर्द आम्ही पुनःपुन्हा वाचून घेतली. पाडवा पंधरा दिवसांवर आलेला. आजोबांनी त्याच आठवड्यात जोंधळ्याची खरेदी केलेली, गाडीभाडे दिलेले. त्यांच्या बाजूने बोलावे अशी आमची फार इच्छा होती. पण रोजकीर्दीच्या शेवटी रोख शिल्लक लिहिण्याची रीत आहे, आणि त्या दिवशीची शिल्लक ६१ रुपये ४ आणे होती. पंचवीस देता आले असते. ते दिले गेले नाहीत, आणि कार्ड फाडलेही गेले नाही. आजोबा अत्यंत धर्मनिष्ठ होते. बस्तीच्या दानफलकावर त्यांचे नाव वरून दुसरे आहे. त्या फलकाखालून आम्ही रोज जातो.

गोकाकच्या बाजूस आम्ही तीन वेळा गेलो. गिरणीच्या वसाहतीत शंभर वर्षांपूर्वीचे कोण भेटणार? परंतु तेथील जैन बस्तीत वृद्धांपाशी चौकशी करता करता घटप्रभा येथील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोहोचलो. वय ऐंशीच्या पुढे. थोरल्या आजोबांना एकच कन्या, म्हणजे आमच्या चुलत आत्या. हे त्यांचे पुत्र, नात्याने आमचे आतेभाऊ. आम्ही त्यांस अण्णा म्हणू लागलो. त्यांचे बोलणे कानडीमिश्रित मराठी. आम्ही कोण ते सांगितल्यावर ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आई सांगायची, निपाणीला आपलं घर आहे, पण तिकडं जायचं नाही."

ठेवीविषयी बोलताना आम्हांस संकोच वाटला, पण व्यापाऱ्याचे बोलणे अखेर हिशेबावरच येते. चक्रवाढीने दरसाल शेकडा सहा टक्के दराने शंभर वर्षांची रक्कम सुमारे १ लाख ४० हजार होते, ती घ्यावी, असे आम्ही म्हणालो. अण्णांनी खतावणीच्या पानाची छायाप्रत मागून घेतली, चष्मा लावून शिरोभाग वाचवून घेतला, आणि शाळामास्तरी पद्धतीने विचारले, "यात चक्रवाढ कुठं लिहिली आहे?" लिहिलेली नव्हती. मग सरळव्याजाने वर्षास २४ रुपये ७५ पैसे, शंभर वर्षांचे २,४७५, मुद्दल ४१२ रुपये ५० पैसे, एकूण २,८८७ रुपये ५० पैसे. याहून एक पैसा अधिक घेण्यास ते कबूल झाले नाहीत. आमच्या चिरंजिवांनी घरातील वडीलकीचा मान म्हणून काही देऊ केले, तेही त्यांनी परत केले. आम्हांस त्याचे वाईट वाटले, आणि वाईट वाटण्याचा आपणांस अधिकार नाही हेही त्याच वेळी ध्यानात आले.

गेल्या, म्हणजे २०२५ च्या पाडव्यास अण्णा निपाणीस आले. शके १९४७ च्या वहीत शंभर वर्षांपूर्वीची बाकी ओढून घेतली, नावे टाकली, त्यांची सही घेतली. त्यांनी ते पोस्टकार्ड मागितले. ते त्यांस दिले. वहीत त्याची छायाप्रत आहे. वंशावळीतील "परागंदा, निपुत्रिक" हे शब्द काढून तेथे परळ, गोकाक व घटप्रभा यांची नोंद केली आहे, आणि कन्येचे नाव घातले आहे. एका नावासाठी नियम मोडला म्हणून मग साऱ्या कन्यांची नावे घालावी लागली. छपाई त्यामुळे सहा महिने लांबली.

एक गोष्ट अद्याप राहिली आहे. ज्या चंदगडकर गृहस्थांच्या तिकिटावर थोरल्या आजोबांनी चार वर्षे काम केले, त्यांचे घराणे आम्हांस सापडलेले नाही. १९२१ ते १९२५ या काळात परळ भागात राहिलेल्या चंदगड, आजरा अथवा गडहिंग्लजकडील कोणाचे कागद, कुपने किंवा खाणावळीचे हिशेब आपल्या घरी अथवा आपल्या गिऱ्हाइकांच्या घरी असतील, तर संघाच्या कचेरीत कळवावे. आम्ही स्वतः येऊन पाहू. तसेच शके १८८० पूर्वीच्या वह्या यंदा दिवाळीच्या साफसफाईत कोणी रद्दीत काढणार असल्यास, वजनाच्या भावाने त्या आम्ही घेऊ. वाचून झाल्यावर ज्याच्या त्याच्या घरी परत पोहोचत्या करू.